तिकीट साऱ्यांना, ऐकू मात्र काहींना!

वसंतराव देशपांडे सभागृह असो की रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह, कार्यक्रम चांगला असला की नागपूरकर सहकुटुंब हजर! घरचे आजोबा मात्र हल्ली ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणतात. त्यांची हौस सरलेली नसते. नीट ऐकू येत नाही, आणि चारचौघांत ‘काय म्हणाले?’ असे पुनःपुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे लाउडस्पीकरचा आवाज वाढविणे. पण मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे! कानातले श्रवणयंत्र वक्त्याच्या शब्दांबरोबर पंख्यांची घरघर, शेजाऱ्याचा खोकला आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनीही वाढविते. शब्द त्यात बुडून जातात.

खरा उपाय निराळा आहे. सभागृहाभोवती तारेचे वेटोळे फिरवून ते ध्वनिवर्धकाला जोडावयाचे. ‘टेलिकॉइल’ असलेले श्रवणयंत्र त्या तारेचे चुंबकीय क्षेत्र टिपते, आणि वक्त्याचा शब्द थेट कानाशी येतो. ज्यांना मुळीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी पडद्यावर मजकूर हवा, सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, आणि त्याच्यावर पुरेसा उजेडही हवा.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. सार्वजनिक इमारतींची सुगमता आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग, दोन्ही त्यात आले आहेत.

तेव्हा वाचकहो, दिवाळी पहाटेची तिकिटे काढताना खिडकीवर एवढेच विचारा : ‘आमच्या आजोबांना ऐकू येण्याची काय सोय आहे?’ चार घरांनी विचारले, तर व्यवस्थापकांना उत्तर शोधावेच लागेल.