जनुकीय माहितीतला वाटा

एखाद्या देशातील वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्यावर त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे, हे 1992 च्या जैवविविधता कराराने मान्य केले. नमुना नेणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी आणि त्यातून औषध किंवा बियाणे निघाले तर लाभाचा वाटा मूळ देशाला द्यावा, असे ठरले. 2010 च्या नागोया प्रोटोकॉलने त्याचे नियम बांधले. मात्र हे नियम पान, बी, मातीतला जिवाणू अशा हाती धरता येणाऱ्या वस्तू समोर ठेवून केलेले होते.

आता पान न्यावेच लागत नाही. त्याच्या डीएनएचा अनुक्रम जेनबँकसारख्या खुल्या संग्रहात आला की कोणीही तो उतरवून घेऊ शकतो आणि हवे ते जनुक प्रयोगशाळेत नव्याने जुळवू शकतो. पश्चिम आफ्रिकेत 2014 साली पसरलेल्या इबोला विषाणूच्या एका प्रथिनाचा संकेत असलेला डीएनए रिजेनरॉन कंपनीने उंदरांना टोचला. त्यातून मिळालेल्या प्रतिपिंडांच्या औषधाला ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रतिपिंडे घडवण्याच्या या पायरीवर जिवंत विषाणू लागलाच नाही.

मग संग्रहांना कुलूप लावावे का? तसे केल्यास पहिला फटका गरीब देशांतल्या संशोधकांनाच बसेल. त्यांचे कामही याच फुकट माहितीवर चालते. शिवाय एका एन्झाइमच्या रचनेसाठी हजारो अनुक्रम ताडून पाहिले जातात. त्यात कोणत्या देशाचा हिस्सा किती, हे ठरवणे अशक्य आहे, आणि जुन्या असंख्य नोंदींत तर देशाचे नावही नाही.

म्हणून 2024 मध्ये कोलंबियातील कॅली येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांच्या परिषदेत वेगळा मार्ग निघाला. माहिती खुलीच राहील. पण औषधे, सौंदर्यप्रसाधने, बियाणे अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या 1 टक्का किंवा महसुलाच्या 0.1 टक्का रक्कम सामायिक ‘कॅली निधी’त भरावी. त्यातला किमान निम्मा भाग आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी असावा. विचार योग्य आहे, पण भरणा ऐच्छिक ठेवला, हा त्यातला मोठा दोष. मानवी जनुकीय माहिती तर या व्यवस्थेच्या बाहेरच आहे.

भारताने देशांतर्गत पाऊल उचलले आहे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या 2025 च्या नियमांत डिजिटल अनुक्रम माहितीच्या वापरातून होणाऱ्या लाभाचीही वाटणी समाविष्ट केली आहे.