उच्च प्रदेशातील जठरविकार

समुद्रसपाटीपासून सु. २,५०० मी.पेक्षा अधिक उंचीवर राहणाऱ्या लोकांत आढळणारे जठर व ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) यांचे विकार. जठरशोथ (जठराच्या अस्तराची दाहयुक्त सूज), पचनज व्रण, रक्तस्राव व जठराचा कर्करोग हे त्यांपैकी प्रमुख होत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत, तिबेटचे पठार व भारतातील लडाख येथे त्यांचा अभ्यास झालेला आहे. उंचीवर नव्याने गेलेल्या माणसास होणारी मळमळ, वांती व अन्नावरील अनिच्छा ही बहुधा तात्पुरती असते. कायम रहिवाशांचे विकार तिच्यापासून वेगळे मानावे लागतात.

कारणे : या विकारांचे एक मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सर्पिल आकाराचा सूक्ष्मजंतू होय. जे. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्याचे संवर्धन केले. या शोधाबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सूक्ष्मजंतू यूरिएज या एंझाइमाच्या साहाय्याने अमोनिया निर्माण करतो व त्यामुळे जठरातील तीव्र अम्लातही टिकून राहतो. १९९४ मध्ये त्याचा समावेश मानवी कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या घटकांत करण्यात आला. बहुतेक संसर्गित व्यक्तींत मात्र कोणतीही लक्षणे दिसत नाहीत.

हा संसर्ग केवळ उंचीमुळे होत नाही. तो बहुधा बालपणी, कुटुंबातील निकट सहवासातून व दूषित पाण्यातून होतो. पेरूमध्ये समुद्रकिनाऱ्यावरील लीमा शहरातही तो मोठ्या प्रमाणात आढळला असून तेथील मुलांतील संसर्गाचा पाणीपुरवठ्याशी संबंध दिसून आला आहे. उंच प्रदेशात कडाक्याच्या थंडीमुळे सर्व कुटुंब एकाच उबदार खोलीत दाटीने राहते व पाणी आणि इंधन यांचा तुटवडा असतो. ही परिस्थिती संसर्गास पोषक ठरते.

उंचीचा स्वतंत्र परिणाम जठराच्या अस्तरावर होतो. लेहच्या उंचीवर (सु. ३,५०० मी.) वातावरणीय दाब समुद्रसपाटीच्या सु. ६५ टक्के असतो. ऑक्सिजनाच्या न्यूनतेमुळे तांबड्या कोशिका वाढून रक्त दाट होते, अस्तराचा रक्तपुरवठा घटू शकतो आणि त्याची अम्लास प्रतिकार करण्याची व भरून येण्याची शक्ती कमी होते. तिबेटकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बांधकामाच्या वेळी (२००१–०५) काही कामगारांत पचनमार्गातून रक्तस्राव झाल्याचे नोंदले गेले. मद्यपान व ॲस्पिरिनासारखी वेदनाशामके यांमुळे हा धोका वाढतो. लडाख व तिबेटमध्ये लोणी घातलेला खारा चहा नित्याचा आहे. मिठाचे प्रमाण अधिक असलेला आहार संसर्गाच्या जोडीने कर्करोगाची जोखीम वाढवितो.

निदान : पोटाच्या वरच्या भागातील दुखणे, जळजळ, लवकर पोट भरल्याची भावना व वजन घटणे ही लक्षणे होत. रक्ताची वांती किंवा डांबरासारखे काळे शौच ही रक्तस्रावाची चिन्हे असून त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात. उंचीवरील रहिवाशांत हीमोग्लोबिनाचे प्रमाण मुळातच अधिक असू शकते. त्यामुळे सपाटीवरील मानाने प्राकृत वाटणारा आकडाही रक्तक्षय झाकू शकतो. म्हणून उंचीनुसार दुरुस्ती करूनच त्याचा अर्थ लावतात. निश्चित निदान अंतर्दर्शकाने अस्तर तपासून होते. जेथे ही सोय नसते तेथे श्वास किंवा मल यांच्या परीक्षेने संसर्ग ओळखता येतो.

उपचार व प्रतिबंध : अम्लनिर्मिती रोखणारे औषध व किमान दोन प्रतिजैविके बहुधा १० ते १४ दिवस एकत्र देतात. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा परीक्षा करतात. पाणी व राहणीमान पूर्ववत राहिल्यास पुनःसंसर्ग संभवतो. सु. ३,५०० मी. उंचीवर पाणी सु. ८८° से. तापमानास उकळते, तरीही ते काही मिनिटे उकळत ठेवल्यास पिण्यास सुरक्षित होते. शुद्ध पाणी, हात धुण्याची सवय, मैल्याची योग्य विल्हेवाट व ऐसपैस निवास हेच स्थायी प्रतिबंधक उपाय होत.