प्रश्न विचारण्यासाठी वसवलेलं शहर

शहराबाहेर गाडी चाललेली असते आणि एकाएकी पुढे रस्ताच उरत नाही. दरी नाही, भिंत नाही. डांबर, झाडं, जमीन सगळं एका रेषेपाशी तुटलेलं आणि पलीकडे नुसता काळोख. डॅनियल गालुए या अमेरिकन लेखकाच्या ‘सिम्युलॅक्रॉन-३’ या १९६४ सालच्या कादंबरीत नायक डग्लस हॉल हे पाहतो. आपलं जग कुणीतरी यंत्रात चालवतंय, या कल्पनेवरच्या थरारकथा पुढे पुष्कळ आल्या. पण ते जग कशासाठी बांधलं, याचं गालुएनं दिलेलं उत्तर मला अजूनही थक्क करतं. कोणता माल खपेल आणि लोकांना कोणतं धोरण रुचेल, हे आधी कळावं म्हणून!

हॉलच्या शहरात पाहणीवाल्यांचा सुळसुळाट आहे. ते वाटेत अडवतात, दार ठोठावतात, आणि त्यांना उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. हॉलची कंपनी यावर तोड काढते. यंत्रातच एक शहर वसवायचं, तिथल्या माणसांना आठवणी, नोकऱ्या, घरं, भांडणं सगळं द्यायचं आणि नव्या गोष्टी आधी त्यांच्यावर आजमावायच्या. आपण यंत्रात आहोत याचा त्यांना पत्ता नसतो. मग या यंत्राचा जनक अचानक मरतो. लिंच नावाचा सहकारी एका पार्टीत हॉलच्या समोरून नाहीसा होतो आणि असा कुणी माणूस होता हेच नंतर कुणाला आठवत नाही.

हळूहळू हॉलला उमगतं, की त्याचं स्वतःचं जगही वरच्या कुणाच्या तरी यंत्रात चालू आहे. आणि इथे गालुए जी गाठ मारतो तिला तोड नाही. वरच्या जगाला हॉलच्या जगातल्या लोकांची मतं हवी आहेत, आणि ती गोळा करण्याचं साधन म्हणजे तेच कटकटे पाहणीवाले. हॉलच्या कंपनीचं यंत्र सुरू झालं, की पाहणीवाल्यांची गरज संपणार आणि वरच्यांचा सगळा उद्योग ठप्प होणार. म्हणून वरून माणसं मारली जातात, पुसली जातात. कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना दारावर टकटक करणारा तो कंटाळवाणा माणूस दिसला, की अंगावर काटा येतो. इतकी पक्की वीण मी फार थोड्या रहस्यकथांत पाहिली आहे.

त्या काळी प्रत्यक्षातही असं काही घडत होतं. अमेरिकेत १९५९ साली ‘सिम्युलमॅटिक्स कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी निघाली. एमआयटीतले राज्यशास्त्रज्ञ इथिएल डी सोला पूल तिच्या कर्त्यांपैकी एक. जुन्या जनमत चाचण्यांतल्या एक लाखाहून अधिक मुलाखती त्यांनी संगणकात भरल्या आणि धर्म, प्रदेश, उत्पन्न, स्त्री की पुरुष अशा निकषांवर मतदारांचे ४८० प्रकार पाडले. मग केनेडींच्या १९६० च्या प्रचारासाठी त्या कागदी देशाला प्रश्न विचारले गेले. उमेदवार कॅथलिक आहे हा मुद्दा पेटला, तर कोण जवळ येईल आणि कोण दूर जाईल? गालुएची कादंबरी आली त्याच वर्षी यूजीन बर्डिकनं याच धंद्यावर कादंबरी लिहिली. तिचं नावच ‘द ४८०’.

त्याआधी, १९५५ मध्ये, फ्रेडरिक पोलच्या ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ या कथेतला माणूस रोज सकाळी १५ जूनलाच जागा होतो, कारण त्याचं अख्खं गाव जाहिराती तपासून पाहण्यासाठी टेबलावर मांडलेलं असतं. आभासी जगाचा हा साहित्यप्रकार बाजाराच्या पोटी जन्मला आणि तत्त्वज्ञानाच्या घरी वाढला, असं मला वाटतं.

या कादंबरीचं सर्वांत देखणं रूप जर्मनीत घडलं. रायनर वेर्नर फासबिंडरनं पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीसाठी तिच्यावर ‘वेल्ट आम द्राट’ हा दोन भागांचा चित्रपट केला. तो १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवला गेला, तेव्हा फासबिंडर अठ्ठावीस वर्षांचा होता. सोळा मिलिमीटरची फिल्म, जेमतेम उपकरणं. भविष्यकाळ हवा होता, म्हणून त्यानं पॅरिसमधल्या नव्याकोऱ्या बाजारसंकुलांत चित्रीकरण केलं. छायाचित्रकार मिखाएल बालहाउस यानं जिथे तिथे आरसे आणि काचा वापरल्या आहेत. माणूस बोलतोय की त्याचं प्रतिबिंब, हे कळेपर्यंत दृश्य संपतं. त्यात आइन्स्टाइन नावाचं एक पात्र आहे. खालच्या जगातला तो एकटाच सत्य जाणतो, कारण वरच्यांशी संपर्क ठेवणं हे त्याचं काम. तो एका माणसाचं शरीर बळकावून वर येतो, आणि नायकाला सांगतो, की हेही जग खरं नाही, इथून अजून एक पायरी चढायची आहे. त्या दृश्यात स्फोट नाही, पाठलाग नाही. एवढं ऐकलं, की पुढच्या दृश्यातली खुर्चीसुद्धा संशयास्पद वाटू लागते.

याच कादंबरीवरचा ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ १९९९ च्या मे महिन्यात आला, ‘द मेट्रिक्स’नंतर दोनच महिन्यांनी, आणि त्या वादळात झाकोळला गेला. ‘मेट्रिक्स’ भव्य आहे खरा. पण त्यात एकदा जाग आली, की पायाखाली पक्की जमीन लागते. ‘थर्टीन्थ फ्लोअर’मध्ये १९३७ च्या आभासी लॉस एंजेलिसमधला एक बारमन दुसऱ्यासाठी ठेवलेलं पत्र चोरून वाचतो, सांगितल्याप्रमाणे शहराबाहेर गाडी हाकतो आणि जगाची कड पाहून येतो. पत्र ज्याच्यासाठी होतं, त्या नायकाला मग कळतं, की त्यातला मजकूर १९३७ बद्दल नव्हताच. तो त्याच्याच जगाबद्दल होता.

तत्त्वज्ञ निक बोस्ट्रम यांनी २००३ मध्ये याच पायऱ्यांचं गणित मांडलं. आपल्यासारख्या संस्कृती असं यंत्र बनवण्याआधीच संपत असतील, किंवा बनवू शकूनही बनवत नसतील. या दोन्ही शक्यता खोट्या असतील, तर आभासी मनांची संख्या खऱ्या मनांहून प्रचंड असणार आणि आपण बहुधा त्यांच्यातलेच. मानवजातीचा सारा मानसिक इतिहास यंत्रात चालवायला त्यांच्या ढोबळ हिशेबानं एकावर ३३ ते ३६ शून्यं इतक्या क्रिया लागतील.

आणि त्या तुटलेल्या रस्त्याचं काय? सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तोच शोध गंभीरपणे हाती घेतला. अणुकेंद्रातली बलं संगणकावर मांडताना शास्त्रज्ञ अवकाशाचे वहीतल्यासारखे चौकोन पाडतात. विश्व तशाच जाळीवर चालत असेल, तर अतिऊर्जावान वैश्विक किरण त्या जाळीच्या दिशांचा मान राखतील, सगळ्या बाजूंनी सारखे येणार नाहीत. असे सर्वांत बलवान किरण एका चौरस किलोमीटरवर शतकातून जेमतेम एखादा पडतात. म्हणून त्यांना टिपण्यासाठी अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेनं ३,००० चौरस किलोमीटर माळावर पाण्याच्या सोळाशेहून अधिक टाक्या मांडल्या आहेत. आजवर मोजलेल्या ऊर्जांवरून या तिघांनी एक मर्यादा काढली आहे. जाळी असलीच, तर तिचा प्रत्येक चौकोन प्रोटॉनच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी बारीक असला पाहिजे.