लाद्यांमधील काळवंडलेल्या दरजा

न्हाणीघरातील चकचकीत लादी ओल्या फडक्याने पुसताच स्वच्छ होते; परंतु दोन लाद्यांमधील सिमेंटची दरज मात्र काळीच राहते. असे का व्हावे? लादीवरील झिलई काचेसारखी अभेद्य असते. दरजेतील सिमेंट सच्छिद्र असल्यामुळे साबणाचा मळ, तेलकटपणा व ओल त्यात मुरते आणि ओलीवर बुरशी पोसते.

पुष्कळ घरांत यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. फेस येतो, दरज पांढरी दिसते आणि मळ गेला असे वाटते. वस्तुतः मळाबरोबर सिमेंटमधील चुन्याची संयुगेही विरघळतात; फेस हा त्यांतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा होय. अशी खरबरीत झालेली दरज पुढे अधिकच लवकर काळवंडते.

याहून मोठा धोका निराळाच आहे. हे आम्ल ब्लीचिंग पावडरीत मिसळले, तर क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. १७७४ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने प्रथम मिळविलेला आणि १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडला गेलेला वायू तो हाच. कोंदट न्हाणीघरात तो फुप्फुसांना घातक ठरतो.

तेव्हा खिडकी उघडून व रबरी मोजे घालून, कोमट पाण्यात विरघळविलेला धुण्याचा सोडा दरजांवर १५ मिनिटे राहू द्यावा. मग ताठ केसांच्या ब्रशाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. बुरशीचे डाग उरल्यास पातळ केलेले ब्लीचिंग पावडरीचे पाणी निराळे, आम्लाच्या स्पर्शाविना वापरावे. शेवटी दरज कोरडी करावी. ओल गेली की बुरशीचा आधारच जातो.