थंडीच्या दिवसांतील काटकसरीचें व पोटभर जेवण

मार्गशीर्ष लागला म्हणजे पहांटेच्या गारठ्यानें हातपाय आंखडतात, पण पोटांतील अग्नि मात्र प्रदीप्त होतो. शाळेंतून घरीं आलेलीं मुलें दप्तर ठेवण्यापूर्वींच स्वयंपाकघराकडे वळतात. अशा वेळीं गृहिणीपुढें एक जुनाच प्रश्न उभा राहतो. मिळकत तेवढीच, खाणारीं तोंडेंहि तेवढींच. मग ही वाढलेली भूक कशी भागवावी? या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें कीं, हिवाळ्यांतील सकस जेवणास फारसा अधिक पैसा लागत नाहीं. कशाबरोबर काय खावें आणि तें कसें शिजवावें, एवढें ज्ञान मात्र लागतें.

प्रथम धान्याचा विचार करूं. आपल्या देशावरील थंडीचें धान्य म्हणजे बाजरी. पुष्कळ मुलांस डब्यांत काळपट भाकरी नेण्याची लाज वाटते व त्याऐवजीं विकतचीं बिस्किटें न्यावींशीं वाटतात. त्यांनीं एक हिशेब लक्षांत ठेवावा. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळांत लोह १ मिलिग्रॅमहूनहि कमी असतें. तितक्याच बाजरींत तें सुमारें ६ मिलिग्रॅम असतें. स्निग्धांशहि बाजरींत शेंकडा ५ च्या आसपास, म्हणजे तांदळाच्या कितीतरी पट असतो. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादि भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. जगानें ज्या धान्याचा असा सन्मान केला, तें डब्यांत नेण्यांत कमीपणा कसला?

याच स्निग्धांशामुळें बाजरीचें पीठ लवकर कडू होतें. म्हणून दळण एकदम महिन्याचें न करतां आठवड्यापुरतेंच करावें. गव्हाच्या कणकेंत जो चिवटपणा असतो तो या पिठांत नसल्यामुळें भाकरी थापतांना चिरते. त्यावर उपाय म्हणजे कढत पाणी. त्यानें पिठांतील पिष्टांश फुगून चिकट होतो. एका वेळीं एकाच भाकरीपुरतें पीठ घेऊन तळहातानें चांगलें मळावें. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या पिठाच्या बाजूस पाण्याचा हात फिरवावा, आणि तें पाणी सुकतांच ती उलटावी.

नुसत्या भाकरीनें पोट भरेल, पण शरीराची वाढ नीट होणार नाहीं. शरीर बांधण्यास प्रथिनें लागतात, आणि त्यांतील लायसिन नांवाचा एक आवश्यक घटक धान्यांत कमी असतो. तो डाळी व कडधान्यें यांत भरपूर असतो. उलट कडधान्यांत ज्या घटकाची उणीव असते, ती धान्य भरून काढतें. पिठलें-भाकरी, आमटी-भात, खिचडी या जोड्या आपल्या आजीपणजींनीं पुस्तकें न वाचतांच जुळविल्या होत्या. आजचें शास्त्र त्यांचें कारण सांगतें इतकेंच.

या जोडीचें एक उत्तम उदाहरण म्हणजे जुन्नरकडील शेंगोळे. कुळीथ, ज्यास देशावर हुलगे म्हणतात, त्यांत शेंकडा २० हून अधिक भाग प्रथिनें असतात. चारपांच माणसांसाठीं हुलग्याचें पीठ दोन वाट्या व ज्वारीचें पीठ अर्धी वाटी घ्यावें. लसणाच्या दहाबारा पाकळ्या, चार मिरच्या व एक चमचा जिरें वाटून, त्यांतील निम्में वाटण, मीठ व हळद पिठांत घालून तें घट्ट मळावें. हातास तेल लावून बोटाएवढ्या वळ्या कराव्या व त्यांस वेढा द्यावा. पातेल्यांत दोन चमचे तेलावर उरलेलें वाटण परतून सहा वाट्या पाणी व चवीपुरतें मीठ घालावें. पाण्यास खळखळून उकळी आल्यावर शेंगोळे एकेक करून सोडावे आणि मंद आंचेवर वीस मिनिटें शिजूं द्यावे. पिठामुळें रस्सा आपोआप दाट होतो. एकाच भांड्यांत रस्सा व अन्न दोन्ही तयार होतात, आणि गरम वाढले असतां थंडींत याहून सुखाचें जेवण क्वचितच सांपडेल.

आतां सरपणाविषयीं. चूल असो वा गॅसची शेगडी, इंधनाचा खर्च धान्याच्या खर्चाइतकाच जाणवतो. विद्यार्थ्यांनीं विज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेंच आहे कीं, पाणी एकदां उकळूं लागलें म्हणजे उघड्या भांड्यांत त्याचें उष्णतामान सुमारें १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाहीं. म्हणजे उकळी आल्यावर जाळ मोठा ठेवल्यानें अन्न लवकर शिजत नाहीं. केवळ वाफ अधिक होते आणि पैसा तिच्याबरोबर उडून जातो. म्हणून उकळी येतांच जाळ कमी करून भांड्यावर झांकण ठेवावें. कडधान्यें रात्रीं भिजत घालावीं. मुगाच्या डाळीची खिचडी दहा मिनिटें उकळली कीं भांडें घट्ट झांकून, जाड गोधडींत गुंडाळून तासभर ठेवावें. आंतील उष्णतेवरच ती शिजून तयार होते.

भाज्यांच्या बाबतींत हा ऋतु उदार आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीस जी भाजी करितात, तींत वांगीं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावटे, बोरें, शेंगदाणे व तीळ असतात आणि तिच्याबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. ही भाजी वर्षांतून एकदांच करावी असा कांहीं नियम नाहीं. बाजारांत जें स्वस्त असेल तें घेऊन ती सर्व हिवाळाभर करितां येते. १०० ग्रॅम सालीच्या तिळांत १ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. वर लिंबू पिळावें किंवा तोंडीं लावण्यास आवळा घ्यावा. त्यांतील क जीवनसत्त्वामुळें भाकरींतील लोह अंगीं लागतें. जेवणावर लगेच चहा घेतल्यास मात्र तेंच लोह कमी प्रमाणांत शोषलें जातें. म्हणून चहा जेवणानंतर तासाभरानें घ्यावा.

शेवटची गोष्ट पाककृतींत सहसा लिहिली जात नाहीं. पुष्कळ घरांत आई सर्वांस वाढून मग जेवावयास बसते. थंडींत सर्वांची भूक वाढते, पण परातींतील पीठ वाढत नाहीं. तेव्हां कमी पडतें तें तिच्याच ताटांत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. महाराष्ट्रांतहि स्थिति तीच आहे. या दुखण्यास औषधपाणीहि लागतें, केवळ अन्नानें सर्व भागतें असें नव्हे. परंतु जें लोह आपण एवढ्या विचारानें ताटांत आणिलें, तें तिच्या ताटापर्यंत पोहोंचूं नये, ही काटकसर नव्हे.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, आज रात्रीं दुसरी भाकरी मागण्यापूर्वीं टोपल्यांत किती उरल्या आहेत तें पाहा. आईचें ताट आधीं वाढून झांकून ठेवा, अथवा तिला आपल्याबरोबरच बसवा. भाकरी कमी असल्या तर सर्वांनीं चतकोर चतकोर कमी घ्यावी आणि रस्सा वाटीभर अधिक घ्यावा. ज्या घरांत सर्वांचें पोट सारखें भरतें, त्याच घरची काटकसर खरी.