रोजमेळ नव्या साधनांचा

दिवाळीतील वहीपूजनाच्या वेळी आज अनेक दुकानांत वहीशेजारी संगणकही ठेवला जातो. साधने बदलली, हिशेबाचे मर्म मात्र बदललेले नाही. दिवसाची कीर्द त्याच दिवशी लिहावी आणि गल्ला जुळल्यावाचून दुकान बंद करू नये, हा जुन्या व्यापाऱ्यांचा दंडक होता. तोच दंडक नव्या साधनांना लावला, तर छोट्या व्यावसायिकाला तंत्रज्ञानाचे ओझे वाटत नाही.

एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. मालकाच्या एकाच मोबाइलमध्ये गवंड्यांची आणि सुतारांची उधारी, पुरवठादारांचे क्रमांक, बँकेचे ॲप आणि घरगुती छायाचित्रे आहेत. हा मोबाइल हरवला, तर केवळ एक यंत्र जात नाही. कोणाकडून किती येणे आहे, याचा पुरावाच जातो. पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, तेव्हा हीच उधारी वसूल करून दुकान चालवावयाचे असते.

म्हणून पहिला नियम असा की, साधने मोजकी असावीत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असावे. व्यवसायासाठी स्वतंत्र चालू खाते, पैसे स्वीकारण्यासाठी एक क्यूआर कोड आणि हिशेबासाठी एक संगणक-प्रणाली, एवढ्यावर बहुतेक लहान दुकानांचे काम भागते. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालला, तर वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरताना आणि कर्जाचा अर्ज करताना प्रत्येक नोंद नव्याने निवडावी लागते.

दुसरा नियम रोजच्या मेळाचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे सुट्ट्या पैशांची अडचण मिटली. परंतु ग्राहकाने दाखविलेला पडदा म्हणजे जमा झालेली रक्कम नव्हे. बनावट पडदा दाखवून माल नेल्याचे प्रकार घडतात. आपल्या खात्यातील नोंद किंवा ध्वनियंत्राची घोषणा, हाच विश्वसनीय पुरावा. काही व्यापारी सेवांत दिवसभराची रक्कम एकत्रितपणे नंतर जमा होते. अशा वेळी विक्रीचा आकडा आणि खात्यातील जमा दुसऱ्या दिवशी ताडून पाहावी. दुकान उघडताना क्यूआर कोडवर दुसरा कागद चिकटविलेला नाही ना, हेही पाहावे.

तिसरा नियम किल्ल्यांचा. तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी, हे मालक ठरवितो, पासवर्डचेही तसेच. हिशेब-प्रणालीत मुनिमास स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि त्याने नोकरी सोडताच तो बंद करावा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. ‘पैसे मिळविण्यासाठी पिन टाका’ असे कोणी सांगितले, तर ती फसवणूक समजावी.

चौथा नियम दुसऱ्या प्रतीचा. हिशेबाची प्रत आठवड्यातून एकदा तरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. संगणकाशेजारच्या खणातील पेन ड्राइव्ह आगीत किंवा चोरीत संगणकाबरोबरच जातो. ती प्रत उघडते की नाही, हेही अधूनमधून तपासावे. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

एवढी दक्षता घेऊनही फसवणूक झालीच, तर संकोच बाळगू नये. तत्काळ बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी सूचना पोहोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. मोबाइल हरविल्यास सिमकार्ड तातडीने बंद करून घ्यावे. हे क्रमांक मोबाइलमध्येच साठवून उपयोग नाही. ते गल्ल्याजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

दिवसाअखेरची दहा मिनिटे या मेळासाठी राखून ठेवणाऱ्या व्यावसायिकाला नवे साधन आले म्हणून भय वाटत नाही, आणि जुने बिघडले म्हणून त्याचा धंदाही अडून राहत नाही.