गोंधळ की गाणे?

"एनप्पा इदु गद्दल?" शेजारचे आजोबा खिडकीतून विचारतात. आमची आजी तेच मराठीतून विचारते, "कसला रे हा गोंधळ?" आमच्या गल्लीत दोन भाषांचे इतके एकमत क्वचितच होते! हा गोंधळ म्हणजे 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रज वाद्यवृंदाचे हेवी मेटल संगीत. त्यांच्या पहिल्या तीन अल्बमांविषयी माझे मत येथे मांडतो. मी संगीताचा जाणकार नव्हे, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेव्हा जमेबरोबर नावेही लिहीन.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या. पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटार खालच्या पट्टीत लावली. आवाज आणखी जड झाला.

पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. आरंभी पाऊस, घंटा आणि मग तीनच स्वर : सा, तार सा, तीव्र मध्यम. पंचमाची वाट पाहत कान थांबतो, पण पंचम येत नाही. भीती आहे ती तेथेच. नावे एवढेच की, दुसऱ्या बाजूचे गिटारवादन फार लांबते.

'पॅरानॉइड' त्याच वर्षीचा. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना 'वॉर पिग्ज' हे गाणे दुसऱ्यांची मुले रणात धाडणाऱ्यांवर कोरडे ओढते. शीर्षकगीत मात्र जागा भरण्यासाठी घाईने रचलेले. गाजले तेच, पण मला ते किरकोळ वाटते.

'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' (१९७१) मध्ये काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली आहे. मधले दोन छोटे वाद्यतुकडे श्वास घ्यायला जागा देतात. माझा कौल यालाच.

५ जुलै २०२५ रोजी या चौघांनी बर्मिंगहॅममध्येच अखेरचा कार्यक्रम केला. २२ जुलैला गायक ऑझी ऑस्बर्न गेला. त्या रात्री मी हे अल्बम पुन्हा लावले. माझे वडील उद्यमबागेत फौंड्रीत काम करतात. त्यांना आयोमीच्या बोटांची हकिगत सांगितली. ते क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मशीनच्या आवाजात दिवस काढलेल्या माणसाचं वाजवणं आहे हे. परत लाव."

गोंधळ म्हणणाऱ्यांनी यांतला एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐकावा. मग खुशाल गोंधळ म्हणावे!